झाडीपट्टीतलं रात्रभराचं नाटक पाहायला यायचंय: गाव, तारीख, बसायची जागा कशी ठरवावी?

बेंबळाकाठ

नमस्कार मंडळी. यंदा डिसेंबरच्या शेवटी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली नाटकं पाहायला यायचं ठरवतोय. यवतमाळ जिल्ह्यातून निघणार, गाडी घरची, हाती तीन रात्री. सोबत बायको, आई (वय ६८, गुडघ्यांचा त्रास) आणि दहा वर्षांची मुलगी. हौस सगळ्यांनाच आहे, पण रात्रभराच्या नाटकाची सवय कुणालाच नाही. आमच्याकडे नाटक म्हणजे सभागृहातलं, अडीच तासांचं, नंबराच्या खुर्चीवर बसून पाहायचं.

कोणत्या रात्री कोणत्या गावात काय आहे हे आधी कळतं, की तिथे येऊनच शोधायचं? मुक्काम कुठे करावा? तिकीट आधी काढावं लागतं का? आईला रात्रभर खाली बसणं जमणार नाही, तर तिची सोय कशी करावी? बाहेरगावच्या माणसाने तिथे काय सांभाळावं? आणि तीन रात्रींत तीन नाटकं झेपतील का?

वैनगंगाकाठ

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकीचं सगळं त्यावर ठरतं. सलग तीन रात्री ठेवू नका. पत्रकावर वेळ नऊची छापलेली असते. उद्घाटन, सत्कार आणि पाहुण्यांची भाषणं यांत तास सहज जातो. पडदा उघडतो साडेदहा-अकराला आणि पडतो पहाटे चार-पाचला. लागोपाठ जागरण केलं तर दुसरं नाटक डुलक्यांत जातं, आणि झाडीतल्या नाटकाचा जीव उत्तररात्रीच्या प्रवेशांत असतो. पहिली रात्र नाटक, दुसरी झोप, तिसरी पुन्हा नाटक, असं धरा.

मुक्कामाला वडसा म्हणजे देसाईगंज, नाहीतर ब्रह्मपुरी. वैनगंगेच्या अल्याड-पल्याडची ही गावं, मध्ये पूल. नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशात आहेत. गडचिरोली जिल्ह्याचं हे टोक चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या तिन्ही जिल्ह्यांना टेकलेलं असल्याने आरमोरी, कुरखेडा, नागभीड, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव या सगळ्या तालुक्यांतली गावं इथून एका रात्रीत जाऊन येण्याजोगी. गाडी नसलेल्यांसाठी: वडसा स्टेशन गोंदिया-नागभीड-बल्लारशाह मार्गावर आहे, नागपूरहून येणाऱ्याने गोंदियाला गाडी बदलावी. नागपूरहून रस्त्याने आलात तर उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा सरळ रस्ता आहे.

आता तारखांचं. हंगाम भाऊबीजेच्या मंडईपासून (दिवाळीनंतरची गावजत्रा) होळीपर्यंत. धान कापून झालं, हातात थोडा पैसा आला, पाहुणे बोलावायला सवड मिळाली, की गावाची समिती वडशाला जाते, कंपनीच्या कार्यालयात नाटक पसंत करते, विसार (आगाऊ रक्कम) देते आणि तारीख बांधून घेते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या तारखा बऱ्याच आधी भरलेल्या असतात आणि कोणत्या रात्री कोणतं गाव हे कार्यालयाला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही पोचाल त्या दिवशी दुपारी दोन-तीन कार्यालयांत जाऊन सरळ विचारा, ‘आज आणि परवा तुमचा प्रयोग कुठे आहे?’ आनंदाने सांगतात. शिवाय बसस्टँडजवळ आणि चौकाचौकांत फ्लेक्स असतात, व्हॉट्सॲपवर पत्रकं फिरतात.

फ्लेक्सवरचं मोठं नाव वाचून गाडी काढू नका. त्यावर चार गोष्टी शोधा. गावाच्या पुढचा तालुका, कारण चिखली, पिंपळगाव, नवरगाव, कन्हाळगाव अशा नावांची गावं आमच्याकडे पुष्कळ, आणि मोबाइलचा नकाशा भलत्याच तालुक्यात नेऊन सोडतो. नावापुढे बुज, खुर्द, तुकूम किंवा कंसात एखादं अक्षर असेल तर तेही टिपून घ्या. मग तारीख: १२ तारखेचं नाटक म्हणजे १२ ची रात्र, जी १३ च्या पहाटे संपते. बारानंतर तारीख बदलते म्हणून लोक एक दिवस उशिरा पोचतात आणि मोकळा मंडप बघून परततात. तिसरं, कंपनी आणि नाटक. एकाच नावाची किंवा मिळत्याजुळत्या नावाची नाटकं असतात, आणि नाव बहुधा ‘अमुक अर्थात तमुक’ असं दुहेरी असतं, तेव्हा दोन्ही भाग वाचा. चौथा, समितीचा मोबाइल नंबर. त्यावर प्रयोगाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास फोन करा. अवकाळी पाऊस आला, गावात मयत झाली, किंवा कंपनीची गाडी वाटेत बंद पडली, तर प्रयोग पुढे जातो आणि फ्लेक्स तसाच लटकत राहतो.

तिकीट बहुतेक ठिकाणी दारावरच मिळतं. खाली बसायचं स्वस्त, खुर्चीचं महाग, पुढच्या खुर्च्यांचं त्याहून महाग. दर गावागणिक वेगळे. नऊच्या आत गेलात तर रांग नसते. रोख आणि सुट्टे न्या, कारण हजार-दोन हजार माणसांचे फोन एका टॉवरवर आले की ऑनलाइन पैसे जात नाहीत. आईसाठी खुर्ची हवी तर त्याच चारच्या फोनमध्ये समितीला सांगा, ‘बाहेरगावचे आहोत, सोबत म्हातारं माणूस आहे.’ नाव लिहून ठेवतात.

निवड करताना एक नाटक कंपनीचं घ्या आणि जमलं तर दुसरं गावच्या हौशी मंडळाचं. हौशी प्रयोगात गावचीच पोरं उभी राहतात, स्त्री-भूमिकेसाठी नट्या, वाजवणारे आणि पडदे बाहेरून आणतात. अभिनय कमीजास्त असेल, पण प्रेक्षकांत बसलेल्या आई-आजीसमोर तो मुलगा संवाद म्हणतो तेव्हाचं वातावरण कंपनीच्या प्रयोगात मिळत नाही. टीव्हीवरचा एखादा चेहरा फ्लेक्सवर मोठा छापलाय एवढ्यावरून मात्र नाटक निवडू नका. तो चेहरा दोन प्रवेशांत येऊन जाऊ शकतो. कार्यालयात विचारा की यंदा कोणत्या नाटकाला गावं परत परत तारीख मागताहेत. ते नाटक बघा.

तणस

बसण्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण नाटक आवडणं-न आवडणं अर्धं त्यावर असते.

मंडप बहुधा धान कापलेल्या बांधीत (धानाच्या शेतात) किंवा शाळेच्या पटांगणात पडतो. बांधी असेल तर खाली धानाची धसकटं असतात, कापलेली टोकं कडक आणि तिरपी. पातळ सतरंजीतून ती मांडीला टोचत राहतात, आणि ओल असेल तर मध्यरात्रीपर्यंत खालून गारवा चढतो. थंडी वरून जेवढी लागते त्याहून जास्त जमिनीतून लागते. म्हणून थर असे लावा: आधी तणस, म्हणजे धानाचा सुका पेंढा (काही गावांत समितीच पसरते, नसेल तर गावात कुणाकडूनही चार पेंढ्या मिळतात), त्यावर ताडपत्री किंवा खताच्या पोत्यांचा जोडलेला बोरा, त्यावर जाड सतरंजी किंवा घडी घातलेलं ब्लँकेट. चौघांना सहा बाय सहा फुटांची ताडपत्री पुरते. त्याहून मोठी अंथरली तर मागचे लोक दुमडून घेतात, आणि ते बरोबरच करतात.

तणसावर विडी-सिगारेट ओढायची नाही. मच्छरची अगरबत्तीही लावायची नाही. सुकं तणस आणि कापडी कनात, ठिणगी पडली तर बाहेर पडायला वाट एकच असते. बसल्या बसल्या ती वाट कुठे आहे हे पाहून ठेवा.

जागा कोणती धरावी? मंचासमोर मधोमध, चौथ्या-पाचव्या ओळीपासून दहाव्या ओळीपर्यंत. अगदी पुढे बसलं तर मान वर करून रात्र काढावी लागते आणि समोर वाजवणाऱ्यांची डोकी येतात. मंचाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरची चळत असते, तिच्यापासून वीस फूट तरी लांब राहा. खाली बसल्यावर आवाज सरळ कानावर येतो आणि दोन तासांत डोकं धरतं. लेकरू सोबत असेल तर हे विसरूच नका. मंडपाचा बांबू आपल्या आणि मंचाच्या मध्ये येतोय का हे उभं राहून बघू नका, खाली बसून बघा.

बऱ्याच गावांत बायकांची बाजू आणि माणसांची बाजू वेगळी असते, मध्ये दोरी किंवा बांबू. आत जातानाच विचारा. चौघांना एकत्र बसायचं असेल तर मागच्या भागात किंवा खुर्च्यांत सोय असते. दुपारपासून अंथरलेल्या चटया, बोरे, दगड ठेवून धरलेल्या जागा दिसतील, त्या हलवायच्या नाहीत. ते गावात आलेल्या पाहुण्यांचे असतात.

थंडीचं सांगायचं तर डिसेंबर-जानेवारीत गोंदियाकडचा पारा विदर्भात पुष्कळदा सगळ्यांत खाली असतो, दहाच्या आत जातो. वरून मंडप उघडा असेल तर दोननंतर दव पडायला लागते आणि शाल ओली होते. कानटोपी, दोन मोजे, आतून एक बनियन जास्त, आणि माणशी एक घोंगडी किंवा जाड चादर. जॅकेटवर विसंबू नका. बसून राहिलेल्या माणसाला पाय झाकायला काहीतरी लागतेच.

पेटीमास्तर

बसल्यावर काय बघायचं, काय ऐकायचं, त्याबद्दल थोडं.

पडदा उघडायच्या आधीच तुमचं लक्ष मंचाच्या पायथ्याशी असू द्या. तिथे ऑर्गन, तबला, ढोलक आणि आता ऑक्टोपॅड लावून मंडळी बसतात. नाटक त्यांच्या हातात असतं. गाणी नट-नट्या मंचावर प्रत्यक्ष गातात. ऑर्गनवाला नटाची पट्टी ओळखतो, थंडीने गळा बसला असेल तर त्याच रात्री पट्टी उतरवतो, नट संवाद विसरला तर दोन सूर जास्त वाजवून त्याला वेळ देतो. प्रवेश बदलताना, एंट्री घेताना, खलनायक वळून बघताना जो ठोका पडतो तो बहुतेक वेळा जागच्या जागी ठरलेला असतो. मधल्या नाचाला मात्र पुष्कळ ठिकाणी आता रेकॉर्ड लावतात. गाणं आणि नाच यांतला फरक कानाला लगेच कळेल.

मंचावर वरून माईक टांगलेले असतात. त्यामुळे महत्त्वाचं वाक्य आलं की नट माईकखाली येतो, तोंड प्रेक्षकांकडे करतो आणि आवाज उंच ठेवतो. सभागृहातलं नाटक पाहणाऱ्याला हे भडक वाटतं. शेवटच्या ओळीत, कनातीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्याला शब्द न् शब्द पोचवायचा असतो, त्यासाठी ही पद्धत घडली आहे. पहिला अर्धा तास द्या, कान बसतो.

प्रॉम्प्टरचा आवाज ऐकू येईल. त्यात कमीपणा मानू नका. हंगामात नट रोज वेगळ्या गावी असतो, कधी ऐन वेळी दुसऱ्या नटाच्या जागी उभा राहतो, तालमीला दिवस फार थोडे मिळतात. प्रॉम्प्टर कुजबुजलेलं वाक्य नट अर्ध्या श्वासात उचलून स्वतःच्या लयीत टाकतो, हे कसब बघण्यासारखं आहे. त्यासाठी विंगेकडे नजर ठेवा.

विषय बहुधा घरचे, गावचे असतात: भावाभावांतली वाटणी, सावकार, दारू, हुंडा, सासुरवास, शिकून शहरात गेलेला मुलगा. मुख्य पात्रं प्रमाण मराठीत बोलतात, विनोदी जोडी झाडीबोलीत. तिथे ‘ण’ चा ‘न’ आणि ‘ळ’ चा ‘र’ होतो, एवढं ध्यानात ठेवलं तर तुमच्या मुलीलाही विनोद कळतील. विनोदी नटाला इथे फार मान. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

वन्समोरची रीत समजून घ्या. गाणं किंवा प्रवेश आवडला की प्रेक्षक बक्षीस देतात. मंचावर नोट फेकायची नाही, पुढे चालत जायचं नाही. चिठ्ठीवर आपलं नाव, गाव आणि कुणाला बक्षीस ते लिहायचं, नोटेसोबत घडी करून स्वयंसेवकाकडे द्यायची. तो पुढे पोचवतो, निवेदक नाव पुकारतो. रक्कम कितीही चालते. पन्नासाची नोटही तेवढ्याच अदबीने पुकारली जाते. माझं सांगणं एवढंच की बक्षीस द्यायचं तर एकदा तरी वाजवणाऱ्यांच्या नावाने द्या, त्यांच्या वाट्याला ते फार कमी येतं. आणि करुण प्रवेश चालू असताना चिठ्ठी पाठवू नका. नट रडताना मध्येच नाव पुकारलं गेलं की सगळ्यांचाच रंग उतरतो. अंक संपेपर्यंत थांबा.

मोबाइलवर चित्रीकरण करू नका. नाटक कंपनीच्या पोटापाण्याचं आहे, अख्खं गाणं बाहेर फिरलं की पुढच्या गावाची ओढ कमी होते. फ्लॅश तर अजिबात नको, समोरच्या अंधारातून डोळ्यावर उजेड आला की नटाची पायरी चुकते.

मोहाचं_झाड

दादा, काकूंबद्दल आणि मुलीबद्दल लिहिते, कारण ते कुणी लिहिलं नाही.

शौचालयाचं आधी बघा. मंडपाजवळ सोय असेलच असं नाही, असली तरी मध्यरात्रीपर्यंत तिथे जाववत नाही. आठ-साडेआठला गावात पोचा, शाळेजवळच्या किंवा मंडपाजवळच्या एखाद्या घरी काकूंना घेऊन जा आणि सरळ विचारा. आमच्याकडे या गोष्टीला कुणी नाही म्हणत नाही. मग रात्री त्याच घरी जाता येतं. अंक संपून पडदा पडला की सगळ्या बायका एकदमच उठतात, म्हणून पडदा पडायच्या पाच मिनिटं आधी निघा. हातात टॉर्च हवी, मोबाइलचा उजेड बांधीच्या धुऱ्यावर (बांधावर) पुरत नाही. पाणी पिणं बंद करून बसू नका, बायका तसंच करतात आणि सकाळी डोकं दुखतं.

गुडघ्यांसाठी खुर्ची ठीक आहे, पण मंडपातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पाच-सहा तास बसलं की कंबर जाते आणि पाय सुजतात. सोबत एक उशी पाठीला, आणि पायाखाली ठेवायला उलटी बादली किंवा लहान स्टूल न्या. पाय जमिनीपासून वर राहिले की थंडीही कमी लागते. खुर्ची कडेची घ्या, मधली नको, म्हणजे उठून दोन पावलं चालता येतं. एकीने काकूंच्या शेजारी राहायचं आणि मुलगी वडिलांजवळ खाली, असं बसलात तरी चालेल, कडेची खुर्ची आणि तिच्यापुढची खालची जागा जवळजवळ मिळते.

मुलगी एक वाजेपर्यंत जागेल. लावणी आणि विनोदी प्रवेश त्याआधीच होतात, म्हणजे तिच्या आवडीचं तिला मिळेल. मग ती झोपणार हे धरून तिच्यासाठी वेगळं अंथरूण न्या, आणि ते माणसांच्या जायच्या-यायच्या वाटेवर टाकू नका. कानात कापसाचा बोळा घातला तर स्पीकरच्या आवाजात दचकून उठत नाही. दुपारी दोन तास सगळ्यांनीच झोपून घ्या.

जेवण सातच्या आत, हलकं. भात-वरण पोटभर जेवून आलात तर पहिल्याच अंकाला झोप येईल. मंडपाबाहेर चहा, भजी, आलूबोंडे, चिवडा, शेंगदाणे मिळतात, चहा पहाटेपर्यंत असतो. थर्मास असेल तर काकूंसाठी दूध किंवा गरम पाणी घरून आणा. गोळ्या रात्रीच्या असतील त्या पर्समध्ये, गाडीत नको. गाडी कुठेतरी लांब लागलेली असते.

आणखी एक. गावात लवकर पोचलात की कुणीतरी ‘जेवाले चला’ म्हणेल. त्या रात्री घराघरात लेकी-जावई, सोयरे आलेले असतात, नाटक त्यांच्यासाठीच ठेवलेलं असतं, आणि अनोळखी माणूसही पाहुण्यातच धरला जातो. चहा नक्की घ्या. जेवायचं तर साडेसातच्या आत, कारण घरच्या बाईलाही भांडी आवरून नाटकाला जायचं असतं. नाटकातली पहिली एंट्री बघायची तिची आपल्यामुळे हुकली असं होऊ देऊ नका.

बेंबळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनच नाटकं ठरवली, मधली रात्र झोपेची. दोन गोष्टी राहिल्या. पहाटे नाटक संपल्यावर लगेच गाडी काढून वडशाला यावं का? आणि आम्ही येऊ त्या दिवसांत जवळपास शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) असेल तर पट आणि नाटक एकाच गावात पाहणं जमेल का, की गर्दीने आईचे हाल होतील?

जंगलपट्टा

पहाटे लगेच निघू नका. हा ब्रह्मपुरी वनविभागाचा आणि त्याला लागून वडसा वनविभागाचा मुलूख आहे. वाघ रस्ता ओलांडतो, आणि तो तुम्ही निघाल त्याच वेळेला जास्त फिरतो. बंद गाडीत भीती नाही, पण लघवीला म्हणून जंगलातल्या रस्त्यावर गाडी थांबवून उतरू नका, काकूंनाही उतरवू नका. दुचाकीवाल्यांनी उजाडेपर्यंत मंडपातच थांबावं आणि मग चार-सहा जणांनी मिळून निघावं. पायदळ तर शेजारच्या गावालाही अंधारात जाऊ नये.

वाघाहून मोठा धोका झोपेचा आणि धुक्याचा. नदीकाठच्या आणि तलावाजवळच्या रस्त्यांवर पहाटे धुकं इतकं दाट असतं की पुढचं वळण कळत नाही, आणि त्यातून धानाची पोती भरलेले ट्रॅक्टर मागचा लाल दिवा नसताना चालत असतात. चालवणाऱ्याने नाटक संपल्यावर गाडीतच दोन-तीन तास झोपावं, काच बोटभर उघडी ठेवून, इंजिन बंद करून. साडेसात-आठला निघा. चालवणारे दोघं असतील तर एकाने दुसऱ्या अंकानंतर झोपून घेतलं तरी भागतं.

गाडी नसलेल्यांना मुक्कामी एसटी सगळ्यांत चांगली. रात्री गावात थांबते आणि सकाळी पहिली फेरी घेऊन तालुक्याला जाते. नाटकाच्या गावाला किंवा त्याच्या शेजारच्या गावाला मुक्कामी गाडी आहे का, हे आगारात विचारूनच गाव निवडा.

वैनगंगाकाठ

पटाचं सांगतो. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या होत्या. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. तेव्हापासून पट पुन्हा भरतात आणि पटाच्या गावात दोन-तीन रात्री लागोपाठ नाटकं लागतात, कधी एकाच रात्री दोन मंडपांत दोन कंपन्या. हौसेला याहून मोठी पर्वणी नाही. पण काकू सोबत असताना पहिलं नाटक पटाच्या गावात घेऊ नका. धूळ फार असते, गाडी अर्धा-एक किलोमीटर लांब लावावी लागते, खुर्च्या दुपारीच संपतात. पहिलं नाटक लहान गावात, मंडई किंवा यात्रेच्या निमित्ताने ठेवलेलं बघा. तिथे माणसं कमी आणि जागा ऐसपैस असते, समितीवाले स्वतः येऊन विचारपूस करतात. तिथे काकूंना रात्र झेपली तर तिसऱ्या रात्री पटाचं गाव धरा.

मोहाचं_झाड म्हणतात तशी कडेची खुर्ची घ्यायची, हे मला मान्य आहे, पण पटाच्या गावात कडेची नको. तिथे कडेने सारखी ये-जा चालते आणि उभे राहणारे लोक समोर येतात. तिथे खुर्च्यांच्या पहिल्या दोन ओळी घ्या, दर जास्त असला तरी.

पट बघायचा तर दुपारी बाराला पोचा आणि बल्ल्यांच्या (लाकडी कठड्याच्या) मागेच उभे राहा. जोड्या जिथे थांबतात त्या टोकाला लेकराला घेऊन जाऊ नका. सुटलेली जोडी रेषा ओलांडली म्हणून लगेच थांबत नाही, आणि गर्दी ऐन वेळी तिकडेच पळते. चारला परत फिरा, दिवस मावळायच्या आत चहा-पाणी उरकून काकूंना दोन तास आडवं होऊ द्या. गाडी लावताना तोंड रस्त्याकडे करून लावा आणि पुढे-मागे दुसऱ्या गाड्या येणार नाहीत अशी, बांधीच्या धुऱ्यालगतची जागा बघा. पहाटे शे-दोनशे गाड्या एकदम निघतात, त्यांत उलटी काढायला तासभर लागतो.